दीड भाकर

रात्री दीड वाजला की आमच्या वॉर्डात स्टीलच्या ट्रेवर चमचा वाजायचा. तीनदा. पेशंट जागे होणार नाहीत इतका हळू, पण ऐकूच आला नाही असं आम्हाला म्हणता येणार नाही इतका स्पष्ट. वाजवणारे आमचे ब्रदर. आमच्या कामात बाईला सिस्टर म्हणतात आणि पुरुषाला ब्रदर, त्यामुळे त्यांचं खरं नाव ड्यूटीच्या तक्त्यापुरतंच उरलं होतं. चमचा वाजला की जेवायला बसायचं. एका वेळी एकानं, ताटलीत वाढून घेऊन, खुर्चीला पाठ टेकवून. दुसऱ्यानं तोवर वॉर्ड सांभाळायचा. उभ्याउभ्या डब्यात बोटं घालताना कुणी दिसलं की ते म्हणायचे, "बकरी हायेस काय? बस खाली."

हा माणूस मला कधीच नीट कळला नाही. त्यांच्याबरोबर मी जेमतेम दहा महिने रात्रपाळी केली, आणि त्यानंतरची सगळी वर्षं त्या दहा महिन्यांतल्या एका रात्रीचा हिशेब लावत बसले आहे. तो लागत नाही. लिहून काढलं तर लागेल असं वाटून लिहायला बसले, तर पहिल्याच पानावर चमचा वाजायला लागला.

मी तेव्हा नवी होते. अकरा महिन्यांच्या करारावर. घर कारंजा घाडग्याला, हायवेवर. माझी आई तिथल्या एका ढाब्यावर भाकरी थापायला जायची, त्यामुळे रात्री दोन वाजता मांडी ठोकून जेवणारे ट्रकवाले मी लहानपणापासून पाहिलेले. पण माझं स्वतःचं पोट काही त्या जातीचं नव्हतं. वर्ध्याला हॉस्पिटलपासून जवळ, नालवाडीत खोली घेतली होती, तिथून संध्याकाळी डबा करून निघायचे आणि रात्री बारानंतर त्या डब्याकडे बघवायचं नाही. मळमळायचं. मग तीनच्या सुमाराला चहा, त्यात बिस्किटं, पुन्हा चहा. सकाळी ड्यूटी सुटली की गेटासमोरच्या गाडीवर तिखटजाळ रस्सा ओतलेले तर्री पोहे. घरी जाऊन पडायचं आणि छातीत जळजळ घेऊन दुपारभर कूस बदलायची.

ब्रदरना हे सगळं पहिल्याच आठवड्यात समजलं. कसं समजलं ते विचारू नका. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुये डोये सांगून राह्यले. तीन वाजता बिस्किट, सात वाजता तर्री. पोटानं तुयं काय बिघडवलं वं?"

त्यांचं शास्त्र असं होतं. रात्री ड्यूटीवर येण्याआधी घरी पोटभर जेवायचं. दीड वाजता दुसरं, हलकं जेवण: ज्वारीची भाकर, एखादी भाजी, वरण किंवा ताक. तळलेलं नाही, गोड नाही. तीननंतर चहा नाही. पाच वाजता एक केळं किंवा मूठभर उकडलेले शेंगदाणे. सकाळी घरी जाऊन थोडं काही खाऊन झोपायचं, उपाशी झोपायचं नाही. आलूबोंड्याला ते वॉर्डात येऊ द्यायचे नाहीत. एकदा एका पेशंटचा मुलगा, बाप बरा झाल्याच्या आनंदात, आमच्यासाठी वीस समोसे घेऊन आला, तर ब्रदरनी त्याचे हात हातात घेऊन मनापासून आभार मानले आणि समोसे सकाळपाळीला देऊन टाकले. सकाळपाळीवर त्यांचा राग होता की प्रेम, हेही मला कळलेलं नाही.

दर पौर्णिमेला ते सिंदी मेघ्यातल्या विहारात जायचे. मी एकदा चिडवलं, "ब्रदर, भंतेजी तर दुपारनंतर जेवत नाईत. अन् तुमी आमाले रात्री दीडले जेवाले लावता."

ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "भंतेजी रात्रपाळी करत नाईत."

वांग्याला मात्र ते हात लावायचे नाहीत. अंगाला खाज सुटते म्हणायचे. आमच्या वर्ध्याकडे वांगं न खाणारा माणूस म्हणजे आधीच अर्धा वेडा. त्यांच्या डब्यात कधी अंबाडी, कधी मुगाच्या वड्या, कधी नुसतं पिठलं, पण वांगं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता त्यांचा खरा वेडेपणा सांगते. पेशंटच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं हे लिहायचा एक छापील कागद असतो. प्रत्येक पलंगाच्या पायाशी पॅड लटकतं, त्याला तो लावलेला असतो. ब्रदर त्यातलाच एकेक कोरा कागद आम्हा रात्रपाळीवाल्यांसाठीही काढायचे. दोन वाजता समोर बसवायचे आणि पेशंटला विचारावं तसं विचारायचे, "काय खाल्लं? किती? पोट भरलं?" आपण सांगायचं, ते लिहायचे. नाव नाही, काही नाही, फक्त वेळ आणि खाल्लेलं. असे कागद टेबलाशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवायचे आणि महिना संपला की फाडून टाकायचे. ते कुणाला दाखवायचे नाहीत, त्यांचा काही उपयोगही नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "लिहिल्यानं खाल्ल्यावानी वाटते."

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर त्यांच्याकडे माणसागणिक वेगळं होतं. मला सांगितलं, त्यांच्या जोडीची एक सिस्टर उपाशीपोटी रात्रपाळी करून घरी जाताना स्कूटरवरून पडली आणि पुन्हा कामावर आली नाही. आमच्या वॉर्डातल्या आया मावशींना सांगितलं, नोकरीला लागल्यावर एका रात्री भुकेनं त्यांच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते हातात सुई घेऊन भलत्याच पलंगापाशी जाऊन उभे राहिले. 'मले सुई नाई सांगतली' असं पेशंटच म्हणाला म्हणून वाचले. आणि इन्चार्ज सिस्टरना सांगितलं की पुस्तकात तसं लिहिलंय. मावशींनी आणि मी एकदा आपापली गोष्ट समोरासमोर ठेवली. दोन्ही खऱ्या असू शकतात. दोन्ही खोट्याही असू शकतात.

तर मी जेवत नव्हते. पण त्यांच्यासमोर बसून "नाही खाल्लं" म्हणायची हिंमतही नव्हती. मग मी एक युक्ती काढली, आणि महिनोन्महिने चालवली: वॉर्डात सोबतीला आलेलं कुणी भुकेलं दिसलं की डबा त्याला द्यायचा. त्या आठवड्यात माझी जेवायची पाळी आली की डबा घेऊन आतल्या खोलीकडे निघायचं, वाटेत नऊ नंबरच्या पलंगापाशी थांबायचं, आणि तिथे खाली सतरंजीवर बसलेल्या बाईच्या हातात भाकरी-भाजी ठेवून पुढे जायचं. नऊ नंबरला एक म्हातारी होती, हर्नियाची. जंगलाकडच्या गावातली. लेक तिच्या सोबतीला आलेली. मायलेकी आपसात त्यांच्या बोलीत बोलायच्या, मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. लेकीजवळ मुरमुऱ्यांच्या पिशवीशिवाय काही नसायचं. मला वाटायचं, आपण पुण्यही करतोय आणि ब्रदरच्या तावडीतूनही सुटतोय. दोन रात्री हे छान चाललं. दोन्ही रात्री मी ब्रदरसमोर बसून खोटं जेवण सांगितलं आणि त्यांनी ते मान खाली घालून लिहून घेतलं.

तिसऱ्या रात्री म्हातारीला उपाशी ठेवायचं होतं. सकाळी ऑपरेशन. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जातं आणि माणूस टेबलावरच जाऊ शकतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मीच रात्री दहाला लेकीला बजावलं होतं, "मायले काईच द्यायचं नाई. पाणीबी नाई." तिनं मान हलवली. आणि दीड वाजता मीच, सवयीनं, तिच्या हातात दीड भाकर ठेवली. वर वांग्याची भाजी आणि लसणाची चटणी. ताकाचा ग्लासही ठेवला. लेक खाईल, म्हातारी झोपलेली आहे. मी एवढाच विचार केला, आणि खरं सांगायचं तर तेवढाही केला नाही.

दोन वाजता ब्रदरसमोर बसले.

"काय खाल्लं?"

"दीड भाकर. वांग्याची भाजी."

"चटणी?"

"लसणाची. अन् ताक एक ग्लास."

"पोट भरलं?"

"हो."

त्यांनी लिहिलं. लिहिताना मधेच थांबून त्यांनी नऊ नंबरकडे पाहिलं होतं, असं मला आता आठवतं. पण हे खरंच घडलं की नंतर मी मनानं जोडलं, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. त्यानंतर ब्रदर वॉर्डातून एक फेरी मारून आले एवढं नक्की. पण फेरी ते रोजच मारायचे.

सकाळी साडेसातला सर्जन आले. नऊ नंबरचं पॅड उचललं, आणि एकदम ओरडले. म्हातारीच्या पॅडला वरच कागद होता: 'रात्री २.००. भाकर दीड, वांग्याची भाजी, लसणाची चटणी, ताक एक ग्लास. पोट भरलं.'

"ये क्या है? उपाशी ठेवायचं सांगितलं होतं ना? पोट भरलं म्हणे!"

मी पुढे होऊन वाचलं. माझं खोटं जेवण म्हातारीच्या पॅडवर लागलेलं होतं. सर्जननी म्हातारीला विचारलं. ती भेदरून म्हणाली, "नाई जी सायेब, पाणीबी नाई घेतलं." लेकीनंही मान हलवली. पण भूल देणारे डॉक्टर म्हणाले, लिहिलेलं असताना मी जोखीम घेणार नाही. ऑपरेशन दोन दिवसांनी ढकललं. टेबल दुसऱ्या पेशंटला गेलं.

यानंतर ब्रदरनी काय केलं ते क्रमानं सांगते, कारण सगळा घोळ त्या क्रमात आहे. आधी त्यांनी मावशींना म्हटलं, "रद्दच झालं तं बुढीले च्या पाजा." म्हातारीला चहा मिळाला, त्यात बुडवून दोन बिस्किटंही मिळाली. ते स्वतः शेजारी उभे राहिले. ती खाऊन संपेपर्यंत थांबले. मग इन्चार्ज सिस्टरच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सिस्टर, थो कागद पेशंटचा नोयता. स्टाफचा होता. माया हातून चुकून तिच्या पॅडले लागला."

म्हणजे बोलायचंच होतं तर अर्धा तास आधी बोलता आलं असतं. ऑपरेशन वाचलं असतं. आधी चहा का पाजला?

इन्चार्ज सिस्टर चांगल्या होत्या, पण त्या दिवशी सर्जनची सगळी बोलणी त्यांनी खाल्ली होती. त्यांनी मला आत बोलावलं. ब्रदर भिंतीशी उभे होते.

"कागद कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माया," ब्रदर म्हणाले. "म्या खाल्लं, म्या लिहिलं."

वांग्याची भाजी. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

"तुला यातलं काही माहीत आहे का?" इन्चार्ज सिस्टरनी मला विचारलं.

माझा करार पुढच्याच महिन्यात संपत होता. नवा करार त्यांच्या सहीवर होता. मी म्हणाले, "नाही, सिस्टर."

तेवढ्यावर ते प्रकरण संपलं असतं तरी मी स्वतःला कसंबसं समजावलं असतं. पण खोलीबाहेर पडले तर म्हातारीची लेक जिन्यापाशी माझी वाट बघत होती. माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुमी देल्ली थे भाकर मायनं खाल्ली. चटणीच्या वासानं उठून बसली. लय भूक लागलती तिले. म्या अर्धी देल्ली, मंग तिनं सारीच खाल्ली. डाक्टरले सांगू नोका ताई, रागावतीन."

मी तिथेच पायरीवर बसले. तो कागद चुकीच्या जागी लागलेलाच नव्हता. जे म्हातारीनं खाल्लं तेच म्हातारीच्या पॅडवर लिहिलं होतं. तो नसता तर आठ वाजता तिला माझी दीड भाकर पोटात घेऊन टेबलावर झोपवलं असतं.

आता एवढं कळल्यावर मी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. परत आत जायचं आणि म्हणायचं: सिस्टर, ब्रदरची चूक नाही, पेशंटनं खरंच खाल्लं आहे. दिलं ते मी. दोन वाक्यं. मी त्या पायरीवर बसून ती दोन वाक्यं दहा वेळा म्हटली आणि मग उठून नालवाडीची ऑटो पकडली.

ब्रदरना मेमो मिळाला. रात्रपाळी काढून घेतली आणि बाह्यरुग्ण विभागाच्या इंजेक्शनच्या खोलीत दिवसाचं बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. जन्मभर रात्री जागलेला माणूस दिवसा त्या खोलीत घुबडासारखा डोळे मिचकावत बसायचा. कर्मचाऱ्यांचं खाणं छापील कागदावर लिहायला बंदी आली. म्हातारीचं ऑपरेशन दोन दिवसांनी झालं, चांगलं झालं, ती चालत घरी गेली. माझा करारही झाला.

त्या रात्रीनंतर मी दीड वाजता जेवू लागले. चमचा वाजवणारं कुणी नव्हतं. मळमळलं तरी घास गिळायचे. महिनाभरात मळमळ गेली, छातीतली जळजळ गेली, दुपारी झोप लागायला लागली. म्हणजे त्यांचं शास्त्र खरं होतं आणि ते मला असं कळायचं होतं. याचा मला आनंद झाला नाही.

इंजेक्शनच्या खोलीत मी तीनदा गेले, सांगायचंच ठरवून. पहिल्यांदा तिथे रांग होती. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "ब्रदर, त्या रात्रीचं..." तर ते म्हणाले, "चूक झाली तं झाली. वयानं डोये गेले माये." त्यांचे डोळे चांगले होते. बारीकशी शीर त्यांना सगळ्यांआधी दिसायची. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "बुढी कशी हाये?" मी म्हटलं, बरी आहे. "बस मंग," म्हणाले आणि पुढच्या माणसाला बाही वर करायला सांगितलं.

त्यांना माहीत होतं की नव्हतं? माहीत असेल, म्हातारीच्या तोंडाला लसणाचा वास आला असेल, तर सर्जनला सरळ का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, दिलं कुणी. ते टाळायला कागद तिथे लावला का? की खरोखर हात चुकला आणि म्हातारीचं नशीब? मग वांगं का कबूल केलं? आणि चहा? मी प्रत्येक धागा ओढून पाहिला आहे. सगळे त्या एका माणसापाशी जातात आणि तिथे तो बोलत नाही.

यंदा थंडीत कळलं की त्यांची तब्येत बरी नसते. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. मी आता रात्रपाळीची जबाबदारी सांभाळते, पोरी मला घाबरतात. एका सकाळी ड्यूटी संपवून तशीच सिंदी मेघ्याला त्यांच्या घरी गेले. अंगणात खाटेवर उन्हात बसले होते, आणखी बारीक झालेले. मला ओळखायला वेळ लागला की लावला, कोण जाणे. त्यांच्या बायकोनं खुर्ची दिली.

मी बाईंना हसत विचारलं, "काकू, ब्रदर आमाले रात्री जेवाले काऊन लावत होते? मले सांगतलं, जोडीची सिस्टर स्कूटरवरून पडलती."

काकू पदरानं हात पुसत म्हणाल्या, "कायची सिस्टर न् कायची स्कूटर! दुसरं कोणी उपाशी असलं तं त्याईले जेवण जात नाई. घरीबी तसंच. मी जेवल्याबिगर घास उचलत नाईत."

ब्रदर उन्हाकडे तोंड करून बसून राहिले. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं होतं.

काकू आत गेल्यावर मी एका दमात बोलून टाकलं. "ब्रदर, त्या रात्री म्या जेवली नोयती. भाकर म्या नऊ नंबरच्या लेकीले देल्ली. बुढीनं खाल्ली. अन् म्या सिस्टरसमोर गप्प राह्यली. तुमची रात्रपाळी माह्यापायी गेली." इतकी वर्षं घोकलेली दोन वाक्यं शेवटी पाच झाली.

त्यांनी उन्हाकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"कोणती रात?" म्हणाले.

खरंच विसरले असतील. आजारपणात माणूस विसरतो. मी इतकी वर्षं ज्याच्यापाशी माफी मागायची म्हणून फिरले, त्याच्याजवळ ती रात्रच उरली नसेल तर मी ती ठेवायची कुठे?

"आज जेवून आली काय?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. चटकन निघून गेलं तोंडातून. रात्री एक जण दगावला होता, दीड वाजता कुणालाच बसता आलं नव्हतं. पण आजारी माणसाच्या घरी सकाळी सकाळी कशाला त्रास द्यायचा.

ब्रदरनी खाटेशेजारचा स्टीलचा पेला उचलला आणि चमचा घेऊन त्यावर तीनदा वाजवला. हळू.

"हिच्यासाठी ताट लाव वं," त्यांनी आत हाक दिली. "अन् लसणाची चटणी देजो."

मी दीड भाकर खाल्ली. ते समोर बसून बघत होते, आणि या वेळी काही लिहून घेत नव्हते.